मुळांनी घडणारं झाड

शेफलेरा मागितला की नर्सरीतला माळी हिरव्या जाळीखालच्या रांगेतून एक काळी पिशवी उचलून हातात देतो. लांब देठ, देठाच्या टोकाला सात ते नऊ पर्णिका गोल पसरलेल्या. त्यावरून काही जण याला छत्रीचं झाडही म्हणतात. बँकेच्या दारात, दवाखान्यातल्या बाकाशेजारी, सोसायटीच्या जिन्यात, जिथे दुसरं काही तगत नाही तिथे हे ठेवतात आणि ते तगतं. याच झाडाचं बॉन्साय करायचं म्हटलं, की वामनवृक्षांत मुरलेली माणसं तीन हरकती घेतात. खोड मऊ आहे, तार लावून उपयोग नाही. पान संयुक्त आणि देठ लांब, लहान झाडावर ते बेढब दिसतं. आणि आपणहून फांद्या फुटत नाहीत, झाड सरळसोट वर जातं.

तिन्ही हरकती खऱ्या आहेत. प्रश्न एवढाच, की त्या घेताना डोळ्यांसमोर कुठलं झाड आहे?

डोळ्यांसमोर असतो तो जपानचा पाइन, नाहीतर जुनिपर. बॉन्साय म्हणताच मनात जे चित्र उभं राहतं ते याच झाडांचं: जाड बुंध्याचं, वर निमुळतं होत गेलेलं खोड, आणि बाजूंना थोड्या खाली झुकलेल्या फांद्या. या झुकण्याला कारण आहे. थंड डोंगराळ मुलखात दर हिवाळ्यात फांद्यांवर बर्फ साचतं. वर्षानुवर्षं ते ओझं वाहून जुन्या सूचिपर्णी झाडांच्या फांद्या खाली येतात, म्हणून खाली आलेली फांदी हे तिथे वयाचं लक्षण झालं. कुंडीतल्या तरुण झाडाला तेच वय द्यायचं तर फांदीला तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार गुंडाळायची आणि ती हव्या त्या कोनात आणून ठेवायची. तार काढल्यावरही फांदी तिथेच राहते, कारण मधल्या काळात त्या वळणावर लाकडाचा नवा थर चढलेला असतो. वळण पक्कं होतं ते त्या थरामुळे. तारेचं काम फक्त तोवर धरून ठेवायचं.

शेफलेराच्या कोवळ्या फांदीत लाकूड थोडं आणि आतला भेंडासारखा गर जास्त. कुंडीत वाढताना लाकडाचा थर सावकाश चढतो. कोवळा शेंडा तारेनं वळतो, पण तार सोडली की बराचसा मागे जातो, आणि तोवर मऊ सालीत तारेचे वळे रुतून बसलेले असतात. ते वण पुढे दिसत राहतात. म्हणजे पाइनला घडवायची जी मुख्य रीत, ती इथे लागू पडत नाही. इथवर आलेली बहुतेक माणसं हे झाड सोडून देतात.

मला वाटतं, सोडून द्यायची गोष्ट झाड नाही, चित्र आहे. बर्फ न पडणाऱ्या मुलखात म्हातारं झाड वेगळं दिसतं. आपली जुनी चिंच, जुना आंबा, रस्त्याकडेचा वर्षावृक्ष, यांच्या फांद्या आधी वर चढतात, मग पसरतात. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाच्या चार्ल्स सेरोनियो यांनी हे फार चांगलं ओळखलं. तिथल्या माळरानावरच्या सपाट माथ्याच्या बाभळी आणि बाओबाब पाहून त्यांनी बॉन्सायच्या आफ्रिकी शैली बांधल्या. सपाट माथ्याच्या एका शैलीला तर तिथले निसर्गचित्रकार पियर्नीफ यांचं नाव आहे. जपानी नियम मोडण्यासाठी सेरोनियोंनी हे केलं नाही. जपानी माळ्यानं आपल्या डोंगरातल्या झाडाकडे जसं पाहिलं होतं, तसंच त्यांनी आपल्या माळावरच्या झाडाकडे पाहिलं. तेव्हा शेफलेरा घेतला, की आधी तो राहतो कसा हे विचारलं पाहिजे. पुढचं सगळं काम त्या उत्तरातून निघतं.

हा शेफलेरा तैवान आणि हाइनान बेटांवरचा. तैवान जपानच्या ताब्यात असताना बुंझो हायाता या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञानं १९१६ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं हेप्टाप्ल्युरम आर्बोरिकोला. पुढे तो शेफलेरा या मोठ्या प्रजातीत गेला, आणि २०२० मध्ये आशियातल्या जाती वेगळ्या काढल्यावर शास्त्रात त्याचं पहिलं नाव परत आलं. नर्सरीत मात्र शेफलेराच चालतं. आयव्ही आणि जिनसेंग ज्या कुलातले, त्याच अरालिएसी कुलातला हा. जंगलात तो जमिनीवर वाढतो तसाच दुसऱ्या झाडावरही वाढतो. मोठ्या झाडाच्या बेचक्यात पाचोळा कुजून मूठभर माती तयार होते, तिथे पक्ष्यानं टाकलेलं बी रुजतं. भोवती शेवाळ, ओली हवा, वरून गाळून आलेलं ऊन. तिथून रोप वाढतं, आणि त्याची काही मुळं हवेत लोंबत, साल धरून, खाली उतरत जातात.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. बॉन्साय म्हणजे झाडाचा छळ, असं मानणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. सबंध अंगणावर सावली धरणारं आंब्याचं झाड वीतभर तबकात पाहताना ज्याला अवघडल्यासारखं होतं, त्याच्या मनात झाडाविषयी माया आहे. पण ज्या झाडानं पिढ्यान्‌पिढ्या बेचक्यातल्या मूठभर पाचोळ्यावर संसार मांडला, त्याला उथळ कुंडी परकी नाही. मुळं उघडी पडणं, माती थोडी असणं, ती पटकन सुकणं आणि पुन्हा भिजणं हे सगळं त्याच्या ओळखीचं आहे. उलट खोल कुंडीत, घट्ट काळ्या मातीत, रोज पाणी घालून ठेवलेला शेफलेरा मुळं कुजून मरतो. घराघरांतले शेफलेरे बहुधा याच लाडानं जातात.

आता मूळ मुद्दा. पाइनमध्ये माणसाचा हात फांदीवर चालतो आणि त्यातून झाडाचं रूप येतं. शेफलेरात रूप यायचं ते मुळांतून. खोडातून निघून खाली उतरलेली मुळं जमिनीला टेकतात, जाड होतात, आणि काही वर्षांनी ती खोडाचाच भाग दिसू लागतात. बारीक, सरळ, कंटाळवाणं वाटणारं खोड त्यांच्यामुळे रुंद होतं, जुनं दिसतं. आणि मूळ काही तारेनं ओढून खाली आणता येत नाही. त्याला यावंसं वाटेल अशी हवा भोवती ठेवायची, यापलीकडे आपल्या हातात फारसं नाही.

हे आपल्याला नवं वाटायला नको. संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीचा वड ज्यांनी पाहिला आहे त्यांना तिथे मूळ खोड कुठलं आणि पारंबी कुठली हे शोधत फिरावं लागलं असेल. हावड्याच्या शिबपूर उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड बुरशीनं कुजलं आणि १९२५ मध्ये ते काढून टाकावं लागलं. झाड त्यानंतरही पसरतच राहिलं, निव्वळ पारंब्यांवर. आपल्या किल्ल्यांच्या तटात उगवलेला पिंपळ पाहा. दोन चिऱ्यांच्या फटीत बी पडलं, आणि मुळं तटावरून माती शोधत खाली आली. शेफलेराच्या बॉन्सायसाठी नमुना हवा असेल तर तो क्योतोच्या बागेत शोधायला नको. गावच्या वेशीवर तो उभा आहे. वडाएवढी उदार मुळं मात्र शेफलेरा देत नाही. ती कमी येतात, बारीक येतात, आणि त्यांना आपली मदत जास्त लागते.

हवेत निघालेल्या मुळाचं काय होतं ते नीट समजून घेतलं तर मदत कशी करायची हे आपोआप कळतं. पानांत तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खोडातून खाली वाहतं. खोडाच्या ओल्या, सावलीतल्या भागावर ते साठलं की तिथे नवं मूळ फुटू शकतं. या मुळाचं टोक अतिशय नाजूक असतं. हवा कोरडी झाली की ते तपकिरी पडून थांबतं. हवा दमट राहिली की ते खाली येत राहतं, पण दोऱ्याएवढंच बारीक राहून. खरा बदल होतो तो ते मातीत शिरल्यावर. आता त्याला स्वतःचं पाणी मिळतं, स्वतःचे क्षार मिळतात, त्यातून वरच्या पानांना पुरवठा सुरू होतो आणि ते जाड होऊ लागतं. वडाच्या जातीच्या फायकस बेंजामिनाच्या पारंब्यांवर १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच टप्प्यावरची एक सुंदर गोष्ट दिसली: टोक मातीत पक्कं रोवलं गेलं, की पारंबीत एक खास प्रकारचं ताण धरणारं लाकूड तयार होतं आणि ती किंचित आखडते. सैल लोंबणारी पारंबी तंबूच्या दोरासारखी ताठ होते. वडाच्या जातीची झाडं अशी स्वतःला जमिनीशी बांधून घेतात.

यातून कामाचा क्रम उलटा होतो, आणि शेफलेराच्या बाबतीत मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याला घाई असते ती झाड लवकर बॉन्सायसारखं दिसावं याची, म्हणून आणल्या आणल्या शेंडा छाटतो, पानं खुडतो, उथळ तबकात बसवतो. पण मुळं फुटायला खाली वाहणारं ऑक्सिन आणि अन्न हवं, आणि ते दोन्ही पानांतून येतं. पानांचा घेर जितका दाट, तितकी मुळांची आशा जास्त. म्हणून पहिली काही वर्षं झाड बेढब राहू द्यायचं. लांब देठ, मोठी पानं, वर सुटलेले शेंडे, सगळं असू द्यायचं. या काळात पाहुण्यांना दाखवण्यासारखं काही नसतं. तेवढ्या काळात खालचं खोड आणि मुळं तयार होतात. डोक्यावरचा आकार नंतर देता येतो, अगदी सहज. मुळं नंतर आणणं फार कठीण. दाट पानांचा दुसराही फायदा आहे: त्यांच्या खाली हवा ओलसर राहते, म्हणजे मुळाला हवी ती हवा झाड थोडीफार स्वतःच तयार करतं.

हवाई बेटांमधल्या बिग आयलंडवर, कर्टिसटाउन इथे, डेव्हिड फुकुमोटो यांनी कित्येक दशकं याच बुटक्या शेफलेराची बॉन्साय केली. घरात, खिडकीजवळच्या उजेडात खरोखर जगू शकेल असं झाड त्यांना हवं होतं, आणि ते त्यांना यात दिसलं. तिथल्या ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडांवर चढवलेली, मुळांनी दगड कवेत घेतलेली ही झाडं आहेत. जवळच्या हिलो शहरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आकडा ऐकून आपल्याला रत्नागिरी आठवावी, गोवा आठवावा. पण एक मोठा फरक आहे. हिलोचा पाऊस बाराही महिने वाटून येतो, आपला चार महिन्यांत कोसळतो आणि मग थांबतो.

म्हणून आपल्याकडे हे काम पावसाच्या वेळापत्रकात बसवावं लागतं. मे सरता सरता खोडाच्या ज्या भागातून मुळं हवी आहेत तिथे सालीला धारदार पात्यानं दोन-चार उभे, उथळ काप द्यावेत, मूळ फुटण्याची पावडर लावावी आणि ओलं मॉस गुंडाळून वर प्लॅस्टिकचा कागद सैल बांधावा. गुटी कलम जमणाऱ्याला हे हातचं काम आहे. फक्त साल गोल काढायची नाही, कारण इथे फांदी वेगळी करायची नसते. पाऊस लागला, हवा भरून आली, की मुळं डोकावतात. मग मॉस काढायचं. रस प्यायची नळी एका बाजूनं उभी चिरायची, ती मुळाभोवती बसवायची आणि खालचं टोक मातीत खोचायचं. नळीच्या आत हवा दमट राहते, मूळ वाऱ्यापासून वाचतं आणि सरळ खाली उतरतं. ऑक्टोबरचं ऊन तापायच्या आत ते मातीला लागलं पाहिजे. नाही लागलं, तर कोकणात थोडी सवलत मिळते, देशावर मिळत नाही. पुणे, नाशिक, सोलापूरच्या कोरड्या हवेत अर्ध्यावर आलेलं मूळ दिवाळीपर्यंत वाळून जातं.

देशावरच्या माणसानं त्यामुळे हवेच्या भरवशावर न राहता दुसरी वाट धरावी, आणि ती मला अधिक खात्रीची वाटते. पाण्याची मोठी प्लॅस्टिक बाटली घ्यायची, तिचं बूड आणि गळा कापून टाकायचा, बाजूनं चिरून ती खोडाभोवती नळकांड्यासारखी बसवायची आणि दोरीनं बांधायची. आत जाडसर वाळू आणि कोकोपीट भरायचं. म्हणजे खोडाचा वीतभर भाग आता ओल्या भुसभुशीत भरावात गेला. जंगलात बेचक्यातला पाचोळा जे काम करतो तेच हा भराव करतो. त्यात मुळं फुटतात आणि पाण्यामागे खालच्या कुंडीत उतरतात. पुरेसं झालं असं वाटलं, की बाटलीची वरची कड थोडी थोडी कापून खाली आणायची. दर वेळी दोन बोटं, मध्ये काही आठवडे सोडून. वरची मुळं हळूहळू उघडी पडतात आणि उजेडात त्यांची साल तपकिरी, टणक होत जाते. सगळा भराव एकदम काढला तर पांढरी कोवळी मुळं दोन दिवसांत वाळतात. इथे उतावीळपणा अजिबात चालत नाही.

दगडावर चढवायचं असेल तर दगड पाणी धरणारा हवा. आपल्याकडे कोकणातला जांभा याला फार योग्य आहे. तो सच्छिद्र असतो, भिजला की ओल धरून ठेवतो, आणि त्याच्या खड्ड्या-खोबणींत मुळाचं टोक सहज टेकतं. देशावरच्या बेसाल्टमध्येही पोकळ्यांचा, खडबडीत प्रकार मिळतो. गुळगुळीत काळा फोडीव दगड मात्र टाळावा, त्यावर मूळ नुसतं लोंबतं. रोपाची मुळं धुऊन, लांब राहतील अशी मोकळी करून, दगडाच्या खाचांत नीट पसरायची, सुतळीनं किंवा कापडाच्या पट्टीनं घट्ट बांधायची आणि दगडासकट सगळं खोल कुंडीत पुरून टाकायचं. मग विसरून जायचं. पुढच्या पावसाळ्यात वरून थोडं उकरून पाहायचं, मुळं जाड झाली नसतील तर पुन्हा झाकायचं. सुतळी कुजून जाते, हा तिचा गुण. नायलॉनची दोरी मुळात रुतते.

मुळांचं असं झालं, की फांद्यांकडे वळायचं. इथे मदतीला येते ती चीनच्या दक्षिणेकडची लिंगनान परंपरा. क्वांगचौ आणि भोवतालचा उष्ण, दमट प्रदेश, म्हणजे शेफलेराच्या हाइनानचा शेजारच. तिथल्या पेंजिंगकारांनी, म्हणजे चिनी पद्धतीनं कुंडीतली झाडं घडवणाऱ्यांनी, तारेऐवजी कात्रीवर भर दिला. फांदी मोकळी वाढू द्यायची, हव्या तितकी जाड झाली की आखूड कापायची. कापाखालचा जो डोळा फुटेल त्याच्या दिशेनं पुढचा तुकडा वाढतो, तोही जाड होऊ द्यायचा, पुन्हा कापायचा. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा बारीक आणि प्रत्येक सांध्यावर दिशेचं वळण. असं करत गेलं की तारेचा एकही वेढा न देता फांदीला कोनदार, जुनं रूप येतं. हाँगकाँगचे बँकर वू यी-सुन यांनी १९६९ मध्ये ‘मान लुंग गार्डन आर्टिस्टिक पॉट प्लांट्स’ हे पुस्तक काढलं आणि ही रीत इंग्रजी वाचणाऱ्या जगापर्यंत पोचली.

शेफलेराला ही रीत फार मानवते. सरळसोट वाढतो ही जी तिसरी हरकत, तिचं उत्तर एका कापात आहे. त्याच्या खोडावर गळलेल्या पानांच्या खुणा असतात, आणि त्या प्रत्येक खुणेच्या वर एक झोपलेला डोळा असतो. शेंडा कापला की खालचे दोन-तीन डोळे जागे होतात. जाड खोड अगदी ठुंठ करून ठेवलं तरी भरल्या वाढीच्या दिवसांत त्याला फुटवे येतात. काप देताना हव्या त्या दिशेची खूण पाहून तिच्या थोडं वर कापावं, कारण कापापासून पहिल्या जिवंत डोळ्यापर्यंतचा तुकडा वाळून मागे येतो. तो नंतर साफ करता येतो. फुटव्यांतले नको ते लहान असतानाच नखानं काढावेत. छाटलेला शेंडा फेकू नये, वाळूत लावला तर तो रुजतो. चीक अंगाला लागला तर काहींना खाज येते, आणि पानं खाल्ल्यास कुत्र्या-मांजरांना बाधतात, म्हणून घरात जनावर असेल तर झाड उंचावर हवं.

राहिलं पान. याबाबतीत आधी एक खुलासा: बाजारात याचा एक थोरला नातेवाईक मिळतो, ऑस्ट्रेलियाकडचा शेफलेरा ॲक्टिनोफिला. त्याच्या पर्णिका वीतभराहूनही लांब होतात. फ्लोरिडा आणि हवाईत तो जंगलात शिरून उपद्रवी ठरला आहे. बॉन्सायसाठी तो घेऊ नये. आपला बुटका शेफलेरा घेतला तरी मुख्य अडचण पर्णिकेच्या आकाराची नसते, ती असते देठाची. अंधाऱ्या जागी देठ लांब होतात, कारण प्रत्येक पान उजेडाकडे हात पोचवू पाहतं. तेच झाड सकाळचं दोन-तीन तास ऊन मिळेल अशा गॅलरीत ठेवलं, की नवी पानं आखूड देठाची, जवळजवळ येऊ लागतात. उन्हात मात्र टप्प्याटप्प्यानं न्यावं, नाहीतर जुनी पानं करपतात. झाड जोमात असताना, फेब्रुवारीअखेर किंवा पावसाच्या सुरुवातीला, सगळी पानं देठाचा थोडा भाग ठेवून कापावीत. उरलेला देठ आपणच गळतो आणि नवी पालवी लहान येते. अशक्त झाडावर हा प्रयोग करू नये, आणि ज्या वर्षी मुळं आणायची आहेत त्या वर्षी तर मुळीच नाही. पिवळ्या छटेचे ‘गोल्ड कॅपेला’ आणि ‘ट्रिनेट’ हे प्रकार दिसायला देखणे, पण त्यांच्या पानांत हिरवा भाग कमी, म्हणून वाढ सावकाश. पहिलं झाड हिरवंच घ्यावं.

इतकं करूनही शेफलेराचं पान जुनिपरच्या सुईएवढं होणार नाही. व्हायलाही नको. त्याकडे पान म्हणून न पाहता शेंड्याकडची एक छोटी फांदी म्हणून पाहिलं, आणि तिच्या पर्णिकांना पानं मानलं, तर प्रमाण जुळतं. वीतभराऐवजी हातभर उंचीचं झाड धरलं तर आणखी जुळतं. लहानात लहान करण्याची चुरस या झाडाशी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला रुंद, पसरट, अनेक पायांवर उभं राहिलेलं रूप शोभतं, आणि त्याला थोडी जागा लागते.

बाकी देखभाल थोडक्यात सांगता येते. मातीत विटांचे बारीक तुकडे आणि खडी मिळून निम्म्याहून जास्त, बाकी चाळलेलं शेणखत. वरचा थर सुकल्याशिवाय पाणी नाही. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड देठाच्या बेचक्यात दडते, ओल्या कापडानं पुसून काढावी. उन्हाळ्यात लाल कोळी आला तर पानांना खालून पाणी मारावं.

आणि मग एक पावसाळा असा येतो, की खोडाभोवती सात-आठ मुळं मातीला लागून जाड झालेली असतात आणि त्यातली सगळी ठेवता येत नाहीत. इतकी वर्षं ज्यांची वाट पाहिली त्यांनाच कापायचं असतं. दोन मुळं एकमेकांवरून आडवी गेली असतील तर वरचं काढावं. समोरून खोड पूर्ण झाकणारं काढावं, खोड आणि मुळांमध्ये थोडी पोकळी दिसली पाहिजे, उजेड आरपार आला पाहिजे. जे मूळ एखाद्या जाड फांदीच्या नेमकं खाली उतरलं असेल ते कितीही बारीक असलं तरी ठेवावं, ते पुढे त्या फांदीचा आधार दिसेल. पेन्सिलपेक्षा बारीक असलेल्या कुठल्याही मुळाचा निकाल लावायची घाई नको. कुठलं जाड होईल हे त्या वयात कळत नाही. आणि ज्या हंगामात मुळं कापली त्याच हंगामात कुंडी बदलू नये. उथळ तबक पुढच्या जूनला.